साडेतीनची लाईट

धरणगावला आमच्या स्टोअरकीपरचे वडील गेले, तेव्हा ऑफिसतर्फे भेटायला मी आणि नाना गेलो होतो. ओसरीवर सतरंजी, भिंतीला टेकून बसलेले वीस-पंचवीस पाहुणे, कोणी काही बोलत नाही. अशा वेळी वयानं मोठ्या माणसानं काहीतरी बोलायचं असतं. नानांनी घसा खाकरला, खिशातला फोन काढून बघितला आणि म्हणाले, "इथे दोन कंपन्यांची रेंज चांगली आहे."

मला वाटलं, आता आपल्याला हाकलतात. पण गेलेल्या गृहस्थांचे थोरले भाऊ म्हणाले, "हो, पण मागल्या दारी एकच." नाना उठले, मागल्या दारी जाऊन बघून आले, "खरंय" म्हणाले आणि परत बसले. सगळ्यांनी माना डोलावल्या. येताना बसमध्ये मी म्हटलं, "नाना, ही काय भेटायला जायची पद्धत झाली?" तर म्हणाले, "ताई, त्या गृहस्थांबद्दल मला काही माहिती नव्हती. माहिती नसलेलं बोलायचं नाही."

हे आमचे नाना. जळगावच्या एमआयडीसीत आमची कंपनी पाण्याच्या मोटरींचे मोबाइल स्टार्टर बनवायची. शेतकऱ्यानं घरून फोन लावायचा, की विहिरीवरची मोटर चालू. डब्यात एक सिमकार्ड असायचं. त्या कंपनीची रेंज गेली, की कोणीतरी विहिरीवर जाऊन कार्ड बदलायचं. मग शेठनी नवं मॉडेल काढलं, त्यात ईसिम. म्हणजे कार्डच नाही, बोर्डावर डाळीएवढी चिप चिकटवलेली, आणि ऑफिसात बसून हुकूम सोडला की यंत्र एका मोबाइल कंपनीवरून दुसरीवर जातं. ते खरंच जातं का, हे बघायचं काम नानांचं. त्यांच्या हाताखाली मी एकटी. त्यामुळे त्यांच्या टेबलावर पाटी होती 'परीक्षण प्रमुख' आणि माझ्या टेबलावर काहीच नव्हती.

मी नवीन असताना ईसिम म्हणजे काय हे शेठनी मला पडद्यावर चित्रं दाखवून तासभर समजावलं होतं. मला कळलं नाही. नानांनी चहा ओतता ओतता सांगितलं. "खोली तीच. भाडेकरू बदलतो. जुन्याचं सामान बाहेर काढलं आणि नव्याला कुलूपच उघडेना, तर खोली रिकामी आणि दोघं रस्त्यावर. आपण एवढंच बघायचं, की नवा आत शिरला का, आणि नसेल शिरला तर जुन्याला परत घेतलं का. बाकी सगळी बडबड आहे."

यंत्राशी ते अहो-जाहो करायचे. "अहो, लागा ना नेटवर्कला. किती वेळ झाला." आम्हा माणसांना अरे-तुरे, शेठसुद्धा मागून 'तो'. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "यंत्राला अरे केलं, की आपण त्याला गृहीत धरतो." मग मला गृहीत धरता का, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण उत्तर माहीत होतं.

रेंज नसलेल्या जागी यंत्र काय करतं, हे बघायला मोठ्या कंपन्यांत लोखंडी पेट्या असतात म्हणे, फार महागड्या. नानांनी घरून गव्हाची पत्र्याची कोठी आणली. यंत्र आत ठेवायचं, झाकण लावायचं, फटीला स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळायचा, की तिन्ही कंपन्या गार. पुण्याहून एक इंजिनिअर पाहणीला आला होता, तो कोठीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "इंटरेस्टिंग." एप्रिलात मात्र नानांच्या घरून काकूंचा फोन यायचा, की गहू आलाय, कोठी पाठवा. मग कोठीतला गहू संपेपर्यंत आमची रेंज नसल्याची चाचणी बंद असायची. रिपोर्टात नाना प्रामाणिकपणे लिहायचे, 'कोठी घरी गेली आहे.' शेठ ते पान ग्राहकाला पाठवायच्या आधी काढून टाकायचे.

आणि त्यांची वही! जाडजूड, लाल पाठीची. त्यात चाचण्या तर होत्याच, पण बाकीचंही सगळं होतं. 'लाईट गेली ३.३२. आली ३.५१. चहा पाणचट.' 'लाईट गेली ३.२९. आली ३.५५. मागच्या शेडात भांडण.' आमच्या लाईनवर दुपारी साडेतीनला लाईट जायचीच. कशासाठी जायची ते कोणी विचारलं नाही. लाईट गेली, की सगळे उठून टपरीवर चहाला जायचे. आली, की परत यायचे. आमच्याकडे चहाची सुट्टी घड्याळावर नव्हती, लाईटीवर होती. नाना जाताना वेळ लिहायचे आणि आल्यावर वेळ लिहायचे. आम्ही त्यांना म्हणायचो, "नाना, लाईटीवर लक्ष ठेवून काय पेन्शन मिळणार आहे?" ते म्हणायचे, "जे होतं ते लिहायचं. कशाचं होतं ते नंतर कळतं."

आता अक्कांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठीच झालं.

पिंपळनेरच्या पुढे डोंगरात एक गाव आहे. विहीर खाली दरीत, टाकी वर गावात. पिण्याच्या पाण्याची मोटर लावायला अक्का रोज दोनदा दरी उतरायच्या. ग्रामपंचायतीची तीच त्यांची नोकरी, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. गुडघे गेले होते. धुळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, उतार बंद. आमच्या साठ यंत्रांची ऑर्डर अशा साठ गावांसाठी होती आणि त्याआधी नमुन्याचं पहिलं यंत्र चाचणीसाठी अक्कांच्या विहिरीवर बसलं. तिथे एका कंपनीचा टॉवर लाईट गेली की झोपायचा आणि दुसरीचा वारा सुटला की. म्हणून ठरलं, की पंधरा दिवस रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला आम्ही जळगावहून कंपनी बदलायची, आणि प्रत्येक वेळी अक्कांच्या फोननं मोटर चालू व्हायला हवी. झाली तर अक्का घरबसल्या पाणी सोडणार, नोकरी राहणार. नाही झाली तर पंचायत धडधाकट पायाचा माणूस ठेवणार.

यंत्र बसवायला आम्ही दोघं गेलो होतो. अक्कांनी नानांना सरळच विचारलं. "नाना, खरं सांगा. यंत्र चालनं ते मी ऱ्हासू. नई चालनं ते सरपंच दुसरा माणूस लावी. डॉक्टर म्हनस, उतरू नको. मी त्याले इचारं, मंग पानी कोन सोडी?"

नाना धुळ्याकडचे, अहिराणी त्यांची घरातली भाषा. पण ऑफिसात कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "अक्का, आजून मले माहीत नई." बस्स. दिलासा नाही, काही नाही. मला इतका राग आला! म्हटलं, म्हातारीला दोन शब्द बरे बोलायला काय जातं ह्या माणसाचं?

चाचणीची तारीख ठरली, साठ डबे तयार झाले. आमच्या टेबलावर सगळे बोर्ड कंपनी बदलण्यात यशस्वी झाले होते. फक्त वेळ लागायचा. जेवण झाल्यावर हुकूम सोडला, की चारपर्यंत यंत्र नव्या कंपनीवर. मी प्रत्येकापुढे शेरा लिहिला होता, 'नेटवर्क मंद असल्याने विलंब.' साठ वेळा, माझ्या सुवाच्य अक्षरात.

एका गुरुवारी नाना चहाला आलेच नाहीत. आम्ही परत आलो तर एका बोर्डासमोर हाताची घडी घालून बसलेले. त्या बोर्डाला त्यांनी बॅटरी जोडली होती. टेबलावर उरलेले बाकीचे जादा बोर्ड नव्या कंपनीवर गेलेले, आणि हा एकटा तसाच. पाच वाजले, सहा वाजले. हा काही नेटवर्कला लागेना. शेवटी नानांनी बॅटरीची वायर काढली, परत लावली. मिनिटभरात यंत्र नव्या कंपनीवर हजर.

त्यांनी लाल वही माझ्यापुढे सरकवली. एका बाजूला लाईट आल्याच्या वेळा, दुसऱ्या बाजूला माझ्या रिपोर्टातल्या यशाच्या वेळा. ३.५१ ला लाईट, ३.५२ ला यंत्र पास. ३.५५ ला लाईट, ३.५६ ला पास. साठच्या साठ!

म्हणजे चिप भाडेकरू बदलायची, पण मोडेमला, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागाला, ते कळायचंच नाही. तो जुन्याच नावानं हाका मारत बसायचा. साडेतीनला लाईट जायची, आम्ही चहाला जायचो, लाईट आली की मोडेम झोपेतून उठून नव्यानं सगळं वाचायचा. आणि आम्ही चहा पिऊन येऊन लिहायचो, नेटवर्क मंद. कामावरच्या यंत्रात मात्र बॅटरी असणार होती, कारण लाईट आली हे सांगायचं तर लाईट नसताना जागं राहायला हवं. बॅटरी अगदी शेवटी, डबा बंद करताना बसायची, म्हणून टेबलावर कधी दिसलीच नाही. ते यंत्र दरीत एकदा बहिरं झालं, की झालं.

शेठनी ऐकून घेतलं आणि हसले. "नाना, खानदेशातलं एक गाव दाखवा, जिथे लाईट जात नाही."

"लाईट जाते हो. यंत्र बंद पडत नाही. बॅटरी तुम्हीच घातली आणि जाहिरातीत छापली."

"डबे सील झाले. आता साठ डबे फोडू?"

"फोडा."

शेठ म्हणाले, यंत्रं पास झाल्याच्या कागदावर सही करा. नाना म्हणाले, नाही. शेठ म्हणाले, मग काही दिवस घरी बसा. नानांनी जेवणाचा डबा उचलला, वही उचलली, कोठीकडे एकदा बघितलं आणि गेले.

मग कागद माझ्याकडे आला. खोटं कशाला बोलू, मी सही केली. नोकरीच्या भीतीनं केली असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, पण तसं नव्हतं. मला नानांचाच राग आला होता. ते साठ शेरे माझ्या अक्षरात होते आणि ह्या माणसानं वहीच्या दोन पानांत माझं पार हसं केलं होतं. मी मनाशी म्हटलं, दरीत बघू, कोण खरं ते. आणि सही ठोकली.

आणि दरीत यंत्र चाललं की हो! पहिल्या दिवशी सकाळी नऊला हुकूम सोडला, नऊ वाजून सहा मिनिटांनी नव्या कंपनीवर. संध्याकाळी पाचला सोडला, पाच वाजून सात मिनिटं. अक्कांचा फोन लागतोय, मोटर चालतेय. दहा दिवस, वीस वेळा, एकदाही चुकलं नाही. शेठ मला "शाब्बास" म्हणाले. मी टपरीवर दोनदा सगळ्यांना चहा पाजला. नाना घरीच आहेत असं मी धरून चालले होते.

अकराव्या दिवशी गाडीची वाट बघत साठ डबे दारात उभे होते आणि मी सहज दरीतल्या यंत्राची सगळी नोंद उघडली. त्यात एक आकडा असतो, यंत्र किती वेळा बंद होऊन उठलं त्याचा. तो शून्य असायला हवा होता. एकवीस होता. वीस कालपर्यंतचे आणि एक आज सकाळचा.

बॅटरीवरचं यंत्र दिवसातून दोनदा, नऊ वाजून पाच मिनिटांनी आणि पाच वाजून पाच मिनिटांनी, कशानं बंद पडेल? दरीत काय चहाची टपरी आहे? लॅपटॉप उचलला, धुळ्याची बस धरली, तिथून पिंपळनेर, तिथून काळी-पिवळी जीप. पाचच्या आधी दरी उतरले.

विहिरीच्या कडेला दगडावर नाना बसले होते. डोक्याला टॉवेल, शेजारी जेवणाचा डबा, मांडीवर लाल वही. यंत्राचं झाकण उघडं. हे पहिलंच यंत्र असल्यानं त्याचं झाकण स्क्रूचं होतं. मी म्हटलं, "नाना, हे काय?"

"लूज कॉन्टॅक्ट आहे," नाना म्हणाले.

"कुठे?"

"हा काय, समोर बसलाय."

अकरा दिवस हा साठीचा माणूस ग्रामपंचायतीच्या खोलीत राहत होता. कंपनीनं देखरेखीला पाठवलंय, असं गावात सांगितलेलं. सकाळी उतरायचं, वायर काढायची, लावायची, चढायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. ज्या माणसानं सुतकातसुद्धा खोटा शब्द काढला नाही, तो अकरा दिवस रोज दोनदा लबाडी करत होता. चप्पल सुटलेली, ती सुतळीनं बांधलेली.

"अहो, पण तिकडे साठ डबे निघालेत! साठ गावांना साठ नाना कुठून आणायचे?"

"ते मला काय विचारते? सही तुझी आहे. उठण्याचा आकडा रोज तुझ्याकडे जातोय. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी येशील." वहीत बघून म्हणाले, "अकरावा आहे."

मी शेजारच्या दगडावर टेकले. लॅपटॉप उघडला, केबल लावली. प्रोग्रॅममध्ये भर घालायची होती ती एवढीच, की कंपनी बदलली की मोडेमची लाईट मिनिटभर काढ आणि परत दे. अर्ध्या तासाचं काम. नाना मागून वाचत होते. म्हणाले, "म्हणजे साडेतीनची लाईट आत घातली."

पाचला जळगावच्या संगणकावर वेळ लावून ठेवलेला हुकूम आला. आम्ही दोघं हात मागे बांधून उभे राहिलो. पाच वाजून चार मिनिटांनी यंत्र नव्या कंपनीवर गेलं. मी टाळी वाजवली. नाना म्हणाले, "एकदा कोणीही चालतं."

वर चढताना नानांनी तीनदा विसावा घेतला. डावा पाय टाकताना ओठ दाबायचे. टाकीपाशी अक्का बसलेल्या होत्या. मी धावत जाऊन सांगितलं, अक्का, यंत्र दुरुस्त झालं, आता खरंच चालतंय. अक्का म्हणाल्या, "मी ते सकायमाच सरपंचले सांगी दिधं."

"काय सांगितलं?"

"बठ्ठं, समदं. यंत्र चालत नई. नाना दोनदाव खाले जातस, मंगच मना फोन लागस. मी काय आंधळी शे का? वर येतस तैं मनासारखंच लंगडतस. मना गुडघा वाचाडासाठे त्यास्ना गुडघा मोडाना का?"

"पण अक्का, तुमची नोकरी..."

"गई ते गई, माय."

नानांनी डोक्यावरचा टॉवेल काढून हातात धरला. अकरा दिवस ज्यासाठी केलं ते त्या बाईनं सकाळीच एका वाक्यात सोडून दिलं होतं, आणि तेही ह्यांच्या गुडघ्यासाठी. मी त्यांना एवढं केविलवाणं कधी बघितलं नव्हतं.

मी तिथूनच शेठना फोन लावला. म्हटलं, माझी सही मी परत घेतली, गाडी सोडू नका, साठही डबे फोडावे लागतील, शेरे चुकीचे होते आणि ते माझे होते. शेठ जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण गाडी थांबवली. त्यांचंही नाव डब्यावर होतंच की.

मग सरपंचांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, नानांच्या चपलेकडे पाहिलं, आणि निकाल दिला. "उद्या सकायले नानास्ले पारवर बसाडा. ह्या ताईले बी. बठ्ठास्ना समोर. खाले कोनी जावानं नई. फोन लागना ते अक्काच ऱ्हाई. नई लागना ते मंग मना इलाज नई."

दुसऱ्या दिवशी नऊला पारावर अर्धं गाव. मध्ये नाना, दोन्ही हात मांडीवर ठेवून, सगळ्यांना दिसतील असे. एकजण दरीच्या वाटेवर उभा केलेला, कोणी उतरायला नको म्हणून. नऊला जळगावहून हुकूम सुटला. नऊ वाजून चार झाले. अक्कांनी फोन लावला. लागला नाही. नऊ वाजून पाच. परत लावला. नाही. कोणीतरी म्हणालं, "व्हयनं मंग," म्हणजे संपलं. नानांचा उजवा पाय आपोआप खाली आला, चप्पल शोधायला लागला. सरपंच म्हणाले, "नाना, बसा." आणि त्यांचा खांदा दाबून धरला. मी देवाला न मानणारी, पण त्या मिनिटाला मी कोणाकोणाला काय काय बोलले ते मलाच माहीत.

नऊ वाजून सात मिनिटांनी अक्कांच्या फोनमध्ये घंटी गेली. त्यांनी फोन कानाला लावून धरला आणि त्यांचा चेहरा काही सांगेना. बराच वेळ काहीच झालं नाही. मग टाकीच्या पाइपनं आधी हवा सोडली, खाकरल्यासारखी, आणि धो धो पाणी पडायला लागलं. पोरं ओरडत टाकीकडे पळाली, मागून बाया, मागून सरपंच.

नाना जागचे हलले नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "अकरा दिवसांनी पाय सोडून बसलो की असं होतं."

अक्कासुद्धा टाकीकडे गेल्या नव्हत्या. त्या पारापाशी आल्या, वाकून नानांची ती सुतळीची चप्पल उचलली आणि स्वतःच्या बाजूला ठेवून घेतली.

"नाना, आते खाले कोनी जावानं नई. तुम्ही बी नई अन् मी बी नई."

नाना "बरं" म्हणाले. त्यांनी कोणाचं ऐकलेलं मी बघितलं, ते तेवढंच.